मंजिरीचा डावा बूट

खासनीस काकांनी आयुष्यात एकदाच माझं कौतुक केलं, आणि तेही माझ्या चपलेमुळे. ऐन पावसात मी बाहेरून आलो होतो आणि जिन्याखाली उभा राहून चप्पल उलटी करून झटकत होतो. काका त्यांच्या दारातून बघत होते. काकूंकडे वळून, मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, "माणूस दिसतो तितका वाया गेलेला नाही."

हे मी अभिमानाने सांगतो. कारण काकांच्या तोंडून 'बरं' हा शब्दसुद्धा सोसायटीत फार लोकांच्या वाट्याला आला नव्हता.

बिबवेवाडीत, उतार जिथे संपतो तिथे आमची इमारत आहे. वरच्या टेकडीवरून जे पाणी निघतं ते वाटेत कुणाकडेही न थांबता थेट आमच्या मागच्या भिंतीला येऊन भेटतं. खासनीस तळमजल्यावर, त्याच भिंतीला लागून. मी त्यांच्या बरोबर डोक्यावर. जुलैत त्यांच्या हॉलच्या भिंतीला असा घाम फुटायचा की कॅलेंडर खालून वर गुंडाळलं जायचं आणि महिना संपायच्या आतच दिसेनासा व्हायचा. आणि या घरात, या भिंतीशेजारी, काका एक चामड्याचा बूट वाळवत बसलेले असायचे. स्वतःचा नव्हे. स्वतः ते रबरी सपाता घालायचे आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. बूट मंजिरीचा होता. त्यांच्या मुलीचा.

मंजिरीला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक राहिला आणि आखूड राहिला. त्या पायाला घोट्याच्या वरपर्यंत बांधायचा, चार बोटं जाड तळाचा बूट लागायचा. उजव्या पायात त्याचाच साधा जोडीदार. ती स्वारगेटजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. रोज बसने जायची, बसने यायची, आणि बसस्टॉपपासून घरापर्यंत तिचं चालणं रस्त्यावर वाजत यायचं. एक हलका आवाज, एक जड आवाज. तो वाजला की काका पेपर बाजूला ठेवून उठायचे. पेपर बाजूला म्हणजे बुटात.

हा कार्यक्रम मी इतक्यांदा पाहिलाय की अजून डोळे मिटून करून दाखवेन. मंजिरी दाराशी स्टुलावर बसायची. काका समोर जमिनीवर मांडी घालायचे. नाडी पूर्ण सोडायची, अर्धी नाही. आतलं पातळ अस्तर बाहेर काढून वेगळं ठेवायचं. ओल्या फडक्याने चिखल, कोरड्या फडक्याने ओल. मग पेपरचे बोळे टाचेपासून पुढे भरत जायचं, आणि ते दमट झाले की बदलायचे. बूट आडवा ठेवायचा, म्हणजे तळालाही वारा लागतो. पण पंख्याखाली नाही, उन्हात नाही, गॅसजवळ तर नाहीच नाही.

"पंख्याखाली बाहेरून वाळतो आणि आतून रडत बसतो," काका म्हणायचे. "त्याला सावलीत, त्याच्या मनाने वाळू द्यायचं."

पेपरातही निवड होती. चकचकीत पुरवण्या पाणी पीत नाहीत म्हणून त्या थेट रद्दीत. "अग्रलेखाचं पान उत्तम," असं त्यांचं मत होतं. "मुळातच कोरडं असतं."

रविवारी मेण. मधमाशीचं मेण आणि थोडंसं तिळाचं तेल एकत्र वितळवून केलेला एक पिवळट गोळा पितळी डबीत असायचा. तो बोटाने, शिवणीशिवणीतून. मंजिरी वाचता वाचता मान वर न करता म्हणायची, "बाबा, बूट घालायचाय. लोणचं नाही घालायचंय."

"लोणचं आईचं खातं आहे," काका म्हणायचे. "त्यालाही बुरशी येते, पण तिथे मला विचारतं कोण?"

आणि आतून काकूंचं भांडं आपटायचं.

बुरशी हा काकांचा वैरी. नोकरी सगळी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलेली. माणसाने आयुष्यभर गावाला पाणी पोचवलं आणि म्हातारपणी पाण्याशीच दावा मांडला. बुटावर पांढरा ठिपका दिसला की ते बूट गॅलरीत नेऊन, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसायचे. घरात नाही, कारण झटकलं की ती घरभर उडते. "बुरशी आणि नातेवाईक," ते मला म्हणाले होते, "एकदा बसले की चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत." मी तेव्हा त्यांच्याकडे चहाच पीत होतो. मी कप खाली ठेवला. "तुम्ही घ्या," ते म्हणाले. "तुम्ही नातेवाईक नाही."

आमच्या तिसऱ्या मजल्यावर अमरावतीचा निखिल राहतो. आयटीतला आहे, पार्सलांवर जगतो. त्या पार्सलांतून त्या छोट्या पुड्या निघतात ना, ओल शोषणाऱ्या, 'खाऊ नका' लिहिलेल्या? त्या तो काकांना आणून द्यायचा. "काका, प्रसाद." मग सगळी सोसायटीच द्यायला लागली. काका त्यातले मणी तव्यावर मंद परतून पुन्हा कोरडे करायचे आणि कापडी पिशवीत बुटाबरोबर ठेवायचे. काकू म्हणायच्या, "लोकांच्या तव्यावर पहिली भाकरी देवाची. आमच्या तव्यावर पहिला घाणा ह्यांच्या पुड्यांचा."

एका संध्याकाळी रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. मंजिरी त्यातूनच आली. केसांतून, ओढणीतून पाणी गळत होतं. काका धावत दाराशी गेले आणि सरळ बुटाकडे वाकले.

"मीपण भिजलेय, बाबा."

"तू वाळतेस," काका नाडी सोडत म्हणाले. "हा वाळत नाही."

तिने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. "बघा दादा. माझ्यापेक्षा धाकटा आहे, म्हणून लाड."

आता एका धुरीची गोष्ट. ती मी पूर्वी लग्नकार्यात नकला करून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. हल्ली सांगत नाही. इथे सांगतो.

काका भावाला बघायला साताऱ्याला गेले होते. शनिवारी मंजिरी नखशिखांत भिजून आली. बूट आतपर्यंत पाणी प्यालेला. सोमवारी कॉलेजात तपासणीला माणसं यायची होती, जाणं भाग होतं. काकूंनी काकांच्या पद्धतीने पेपर भरले, बदलले, पुन्हा भरले. रविवार उजाडला तरी बूट आपला गार आणि जड. पाऊस थांबायचं नाव घेईना. काकूंचा जीव टांगणीला लागला. आणि मग त्यांना आठवलं.

मंजिरी जन्मली तेव्हाही असाच पाऊस होता. लंगोट वाळत नसत. तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी शेगडीत निखारे करून, वर वेताची टोपली पालथी घालून, टोपलीवर लंगोट पसरले होते. निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं टाकली होती. तासाभरात लंगोट असे उबदार निघाले की बाळ त्यात रडायचंच थांबलं.

काकूंनी माळ्यावरून शेगडी काढली. टोपली धुऊन पुसून घेतली. ओवा टाकला. आणि लेकीचा बूट टोपलीवर ठेवून, मायेने पदराने वारा घालून, त्या पूजेला बसल्या.

मला वरती वास आला. बाळंतिणीच्या खोलीत कुणीतरी सर्कशीतला वाघ भाजतंय, असा वास. मी आणि बायको धावत खाली आलो. टोपलीवर बूट बसला होता. चामडं आवळून पापडासारखं कडक झालेलं, पुढचं टोक वर वळलेलं, तळ एका बाजूने सुटून जबड्यासारखा उघडलेला. काकू तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. मंजिरी पलंगावर बसली होती. तिने बुटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "आता टाळू भर त्याची."

आणि हसायला लागली. हसता हसता पलंगावर आडवी झाली. काकूही हसल्या, मग रडल्या. आम्हीही हसलो. हसू मात्र लवकरच ओसरलं. कारण सोमवारी ती कॉलेजात जाणार नव्हती, आणि त्यानंतर किती दिवस, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

काका परत आले तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात. काकांनी बूट हातात घेतला. आत हात घातला. सुटलेला तळ दाबून पाहिला, जणू तो आपोआप चिकटेल.

"ओवा टाकलास?" त्यांनी आत विचारलं.

"टाकला," आतून बारीक आवाज आला.

"बरं केलंस. पोटात तरी दुखायचं नाही त्याच्या."

एवढंच. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण बूट घेऊन ते गॅलरीत गेले आणि आमच्या गॅलरीतून मला दिसलं: ते त्याला मेण लावत होते. मेलेल्या बुटाला, शिवणीशिवणीतून.

मंजिरीचे बूट कॅम्पातले एक वृद्ध मास्तर करायचे. तिच्या पायाचा लाकडी फर्मा त्यांनी स्वतः कोरलेला होता. त्या फर्म्यावर ओढून शिवलेला बूट तिच्या पायाला कुठेही टोचत नसे. काका नवा जोड सांगायला गेले तर मास्तरांच्या एका डोळ्यात पडदा, दुसऱ्यात नुकतं ऑपरेशन. तरी त्यांनी शिवला. चाचपत शिवला. जवळजवळ सगळा पावसाळा गेला त्यात. तोवर मंजिरी घरात, खिडकीशी. कुबड्या घेऊन ती दोनदा बाहेर पडली, ओल्या फरशीवर एकदा घसरली, मग पडली नाही. म्हणजे बाहेर.

नवा जोड देताना मास्तरांनी फर्मेही कापडात गुंडाळून काकांच्या हातात ठेवले. "ह्याच्यानंतर माझ्याकडून होणार नाही, खासनीससाहेब. दुसरा कुणी मिळाला तर द्या त्याला."

दुसरा कुणी मिळाला नाही. काका गावभर फिरले. लोक फर्मा उलटसुलट करून बघायचे आणि परत द्यायचे. दवाखान्यातून प्लॅस्टिकचा, वजनाला हलका, पाण्याला न घाबरणारा बूट मिळाला. मंजिरीने तो आठवडाभर घातला आणि घोट्याला जखम घेऊन आली. म्हणजे आता जो होता तो शेवटचा. तो टिकला तर मंजिरी चालणार.

तेव्हापासून काका बदलले. विनोद तेच, पण त्यांच्यामागे घाई दिसायला लागली. सत्तरी ओलांडलेली, छातीत अधूनमधून दुखायचं. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "मला मरायची भीती नाही हो. पण समजा जूनमध्ये गेलो. तेरा दिवस घरात माणसांची वर्दळ. बुटाकडे बघणार कोण? सप्टेंबरपर्यंत संपला तो."

म्हणून त्यांनी मंजिरीला शिकवायला घेतलं. रविवारी सकाळी तिला स्वतःच्या जागी, जमिनीवर बसवायचे. स्वतः स्टुलावर.

"आधी काय?"

"नाडी."

"किती?"

"पूर्ण. बाबा, मी पंचेचाळिशीला आलेय."

"बुटाला ते माहीत नाही. पुढे?"

"पुढे अस्तर, मग फडकं, मग अग्रलेख." मग ती मेणाची डबी बंद करून म्हणायची, "एक शंका. तुम्ही गेल्यावर ह्या सगळ्यात तेरावा कुठे बसवायचा? वेळापत्रकात जागा दिसत नाही."

"पावसाळ्यात आला तर बूट आधी," काका म्हणायचे. "मी थांबेन."

आतून काकू ओरडायच्या, "अहो, शुभ बोला जरा रविवारचं!"

ती मुद्दाम चुकायची, असा मला संशय आहे. टाचेऐवजी टोकाकडून पेपर भरायची. मग काका "अगं, दे इकडे" म्हणून बूट ओढून घ्यायचे, आणि ती भिंतीला टेकून त्यांना बघत बसायची. त्यांना ते कळत नव्हतं असंही नाही. पण शिकवणी कधी संपली नाही.

धुरीच्या पुढच्या वर्षी गणपती गेले आणि गावात डेंग्यूची साथ आली. मंजिरीला ताप भरला तेव्हा ती रिक्षात स्वतः चढून बसली. बूट बांधून. "दोन दिवसांत येते, दादा," मला म्हणाली, "बाबांना म्हणावं पेपर वाचायला घ्या आता, वेळ मिळालाय." दवाखान्यात तिच्या रक्तातल्या पेशी उतरत गेल्या. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. आठवड्याच्या आत ती गेली.

मी तिथे होतो. सिस्टरने मंजिरीच्या वस्तू आणून दिल्या. चष्मा, मोबाइल, आणि दवाखान्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बांधलेले बूट. काका बाकावर बसले होते. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, गाठ सोडली, आणि बूट बाहेर काढून बाकावर आपल्या शेजारी ठेवले.

"प्लॅस्टिकमध्ये घाम येतो त्याला," ते सिस्टरला म्हणाले.

मंजिरीचे मामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, ह्या माणसाला काही कळलेलंच नाही. मग काकांनी नाडी सोडायला घेतली. ती त्यांना सुटेना. मामांनी खाली बसून सोडून दिली.

पुढच्या वर्षी पाऊस आला. मी वरून कान देऊन होतो. सहाच्या सुमाराला खाली पेपर चुरगळल्याचा आवाज आला आणि मी बायकोकडे पाहिलं. रोज यायला लागला. कोरडा बूट, कुणी न घातलेला, रोज पुसला जात होता. काकूंच्या भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

मी एकदा खाली गेलो तर काका उत्साहात होते. "मी विचार केला," म्हणाले, "उत्तम स्थितीतला बूट घरात ठेवणं हा माज आहे. कुठल्यातरी मुलीला उपयोगी पडेल. अशा मुली काय कमी आहेत?"

वारज्यात अशा मुलांच्या पायांसाठी साधनं करून देणारी एक संस्था आहे, असं त्यांना कळलं होतं. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. कापडी पिशवीत बूट, दुसऱ्या पिशवीत फर्मे. तिथे एक तरुण मुलगी होती, पायांची मापं घेणारी. तिने बूट बाहेर काढला आणि खिडकीशी नेऊन उजेडात फिरवला.

"काका, किती सुंदर ठेवलाय हो! एवढी ओल असते आपल्याकडे. कोण करतं?"

"मी."

"पेशंट कोण आहेत?"

"मुलगी. ती नाही आता. कुणालाही द्या. फर्माही आहे, पुढचा जोड करता येईल."

तिने आत हात घातला. बोटं आतल्या खळग्यांवरून हळूहळू फिरली. मग तिने बूट टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून काकांसमोर बसली.

"काका, हा त्यांच्याच पायाचा झालाय. आतून पूर्ण त्यांचा आहे. दुसऱ्या कुणी घातला तर तिचा पाय दुखावेल."

"थोडा सैल केला तर?"

"नाही हो काका."

"थोडी मोठी मुलगी बघितली तर? किंवा थोडी लहान?"

ती नुसती मान हलवत राहिली. तिचे डोळे भरले होते. काकांनीच तिची समजूत काढली. "असू दे, असू दे. तुमचं बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." जणू कुठलातरी सरकारी नियम आडवा आला होता.

परतताना गाडीत त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "नवीन आहे मुलगी. अनुभव कमी पडतो. दुसरीकडे बघू."

आणि ते दुसरीकडे बघत राहिले. मला पुन्हा विचारलं नाही. एकटेच बसने जायचे. हडपसर झालं, पिंपरी झालं, कुणी सांगितलं म्हणून एकदा सांगलीपर्यंत जाऊन आले. सगळीकडे बुटाचं कौतुक व्हायचं आणि सगळीकडून बूट परत यायचा. काकू दार उघडायच्या, पिशवी हातातून घ्यायच्या, आणि विचारायच्या, "जेवणार ना?"

त्या वर्षीच्या थंडीत काका गेले. जूनमध्ये नव्हे. पण मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते ऑगस्टमध्ये, स्वारगेटच्या स्टॉपवर.

संध्याकाळची गर्दी होती, पाऊस आडवा येत होता. स्टॉपच्या छपराखाली जागा नव्हती म्हणून काका कडेला, उघड्यावर उभे होते. सदरा अंगाला चिकटलेला, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. हातात उघडी छत्री होती. ती त्यांनी पुढे, खाली धरली होती, छातीशी कवटाळलेल्या कापडी पिशवीवर. लोक वळून बघत होते.

मी स्कूटर कडेला घेतली. "काका, बसा मागे. घरीच चाललोय."

त्यांनी मला ओळखायला जरा वेळ घेतला. मग पिशवीकडे पाहिलं, स्कूटरच्या चाकाकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "गाडीवर खालून पाणी उडतं."

"काय म्हणाले आज?"

"म्हणाले, बूट चांगला आहे."

बस आली. लोक तुटून पडले. काका गर्दीत शिरले नाहीत. सगळे चढेपर्यंत थांबले, मग पिशवी आधी आत, पायरीवर उंच धरली. कंडक्टर ओरडला, "आजोबा, छत्री मिटा की!" पिशवी पूर्ण छताखाली गेल्यावर त्यांनी छत्री मिटली, आणि मग ते चढले.